जेवणाआधीचे इन्सुलिन : साधे, जलद की मिश्र?

जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न बहुधा किमतीचा निघतो आणि दुसरा ‘जुने बरे की नवे’ असा. माझ्या वडिलांना गेली अकरा वर्षे इन्सुलिन चालू आहे; त्यांपैकी पहिली सहा वर्षे साधे आणि त्यानंतर जलद. दोन्ही प्रकार जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, औषध किती नवे आहे यापेक्षा, सुई टोचल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंतचा वेळ आपल्या घरात किती खात्रीने पाळला जातो, हे आधी पाहावे. प्रकार आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील, परंतु आपल्याकडे ताट किती वाजता वाढले जाते आणि ते किती वेळा लांबते, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

साधे इन्सुलिन, ज्याला औषधांच्या दुकानात ‘रेग्युलर’ किंवा ‘प्लेन’ म्हणतात, ते पाण्यासारखे स्वच्छ दिसते. टोचल्यावर सुमारे अर्ध्या तासाने ते काम सुरू करते, दोन ते चार तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि परिणाम सहा ते आठ तास टिकतो. लिस्प्रो, ॲस्पार्ट आणि ग्लुलिसिन ही जलद इन्सुलिनेही स्वच्छच दिसतात, पण दहा ते पंधरा मिनिटांत कामाला लागतात, एक-दोन तासांत त्यांचा जोर वाढतो आणि तीन ते पाच तासांत ती ओसरतात. तिसरा पर्याय मिश्र इन्सुलिनचा असून त्यातील ‘३०/७०’ आपल्याकडे सर्वाधिक परिचित आहे. त्यात ३० टक्के साधे आणि ७० टक्के मध्यम काळ टिकणारे, दुधासारखे गढूळ इन्सुलिन असते.

या फरकामागचे कारण समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण ‘जलद म्हणजे कडक’ असा गैरसमज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. साध्या इन्सुलिनचे रेणू बाटलीत सहा-सहाच्या जुड्या करून राहतात आणि त्वचेखाली गेल्यावर त्या जुड्या सुटेपर्यंत त्यांना रक्तात नीट शिरता येत नाही. लिस्प्रो तयार करताना साखळीतील शेजारच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली आणि त्यामुळे या जुड्या लवकर सुटू लागल्या. अमेरिकेत हे औषध १९९६ साली वापरात आले. साखर उतरवण्याची ताकद युनिटमागे दोन्हींची जवळपास सारखीच आहे. बदलते ती फक्त वेळ, आणि जेवणाच्या इन्सुलिनमध्ये वेळेलाच सर्वाधिक महत्त्व आहे.

साधे इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. आमच्या घरी यासाठी आईने एक खूण ठरवली होती : भाताचा कुकर गॅसवर चढला की वडिलांनी इन्सुलिन घ्यायचे, म्हणजे शिट्ट्या होऊन, कुकर उतरून, ताट वाढेपर्यंत अर्धा तास होतो. जलद इन्सुलिन आल्यावर ती खूण बदलली आणि ताटात भाजी-पोळी वाढल्यावरच इन्सुलिनचे पेन, म्हणजे आतच औषध असलेले पेनसारखे टोचण्याचे साधन, हातात घ्यायचे असे ठरले. ज्या घरात स्वयंपाक ठरावीक वेळी होतो, जेवणारा माणूस घरीच असतो आणि वाढणारे हात विश्वासाचे असतात, तिथे साधे इन्सुलिन उत्तम काम करते, हे मी आजही ठामपणे सांगेन. टाइप २ मधुमेहात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत या दोन प्रकारांमुळे मोठा फरक पडत नाही. त्यामुळे साधे इन्सुलिन वापरणाऱ्याने आपण दुय्यम उपचार घेत आहोत असे मनात आणू नये.

अडचण येते ती घराबाहेर. सहा वर्षांपूर्वी नात्यातील एका लग्नात पंगत एक वाजता बसणार म्हणून वडिलांनी साडेबाराला साधे इन्सुलिन घेतले. मुहूर्त लांबला, पंगत सव्वादोनला बसली आणि तोवर त्यांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. ग्लुकोमीटरवर साखर ५२ होती. मात्रा नेहमीचीच होती आणि औषधही चांगले होते, चुकले होते फक्त ताट येण्याची वेळ गृहीत धरणे. जलद इन्सुलिन असते तर पहिला पदार्थ समोर आल्यावर ते घेता आले असते. फिरतीची नोकरी, शिफ्टचे काम, लोकलचा प्रवास किंवा वारंवार बाहेर जेवण असलेल्या व्यक्तीसाठी हा लाभ जास्तीच्या किमतीला पुरून उरतो असे मला वाटते.

वेळेइतकाच महत्त्वाचा आहे परिणाम ओसरण्याचा काळ. रात्री साडेनऊला जेवणाऱ्या माणसाने नऊ वाजता घेतलेले साधे इन्सुलिन पहाटे तीनपर्यंत थोडेफार काम करत राहते, आणि झोपताना मध्यम काळाचे इन्सुलिनही घेतले असेल तर दोघांचा परिणाम नेमका गाढ झोपेच्या वेळी एकत्र येतो. झोपेत साखर खाली जाण्याचा धोका जलद इन्सुलिनमध्ये कमी असतो, विशेषतः टाइप १ मधुमेहात. याची दुसरी बाजूही आहे. दुपारी एकला घेतलेले साधे इन्सुलिन पाच वाजताच्या चहाबरोबरच्या मूठभर चिवड्यालाही काही प्रमाणात सांभाळून घेते. उलट, मधल्या वेळी काहीच खाल्ले नाही तर साखर उतरू शकते. जलद इन्सुलिन पाचच्या सुमाराला जवळपास संपलेले असते, त्यामुळे न खाण्याची मोकळीक मिळते, पण खाल्लेला चिवडा मात्र साखरेत स्पष्ट दिसतो. तूप ओतलेली पुरणपोळी किंवा मटणाचे जेवण पचायला वेळ लागतो. अशा जेवणानंतर जलद इन्सुलिन आधी ओसरते आणि साखर तीन-चार तासांनी वर जाते.

भूक अनिश्चित असेल, जसे लहान मूल, खूप वृद्ध व्यक्ती, मळमळ होणारा रुग्ण किंवा मूत्रपिंड कमकुवत झालेला माणूस, तर जलद इन्सुलिन अधिक सुरक्षित ठरते, कारण डॉक्टरांनी तशी पद्धत समजावून दिली असल्यास जेवण संपताच, किती खाल्ले हे पाहून ते देता येते. मूत्रपिंडाच्या आजारात इन्सुलिन शरीरात जास्त काळ रेंगाळते आणि मात्रा कमी करावी लागते, हेही अशा घरांनी लक्षात ठेवावे.

मिश्र इन्सुलिनची मोठी सोय म्हणजे दिवसातून दोनदाच टोचावे लागते. ज्यांना दिवसात चार वेळा टोचणे जमणारच नाही, त्यांच्यासाठी तो व्यवहार्य मार्ग आहे. मात्र सकाळी घेतलेल्या मात्रेतील गढूळ भाग दुपारी जोरात येतो, म्हणून दुपारचे जेवण चुकवणे किंवा फार लांबवणे शक्य नसते, आणि जेवण कमी झाले म्हणून त्यातील फक्त साध्या इन्सुलिनचा भाग कमी करावा म्हटले तर तेही करता येत नाही. वापरण्यापूर्वी पेन किंवा बाटली तळहातांत हलके घोळवून द्रव एकसारखा पांढरा करून घ्यावा लागतो. काही जलद आणि मिश्र इन्सुलिनांची नावे जवळपास सारखी असतात, एका नावापुढे फक्त ‘मिक्स’ हा शब्द जोडलेला असतो. दुकानातून घेताना तो शब्द पाहिल्याशिवाय पिशवीत टाकू नये.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वाधिक भर द्यायचा आहे ती सांगते, कारण भारतात हा धोका घरोघरी आहे आणि तो औषधाच्या निवडीबरोबरच आत येतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक करून एका मिलिलीटरमध्ये ४० युनिटच्या असतात, तर पेनमधील औषध बहुतांशी एका मिलिलीटरमध्ये १०० युनिटचे असते. काही बाटल्याही १०० युनिटच्या मिळतात. ४० युनिटच्या बाटलीसाठीच्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० युनिटसाठीच्या सिरिंजचे केशरी असते. पेन बिघडले म्हणून त्याच्या काडतुसातील औषध लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात १० नव्हे, २५ युनिट जातात. याउलट ४० युनिटच्या बाटलीतील औषध केशरी टोपणाच्या सिरिंजने १० पर्यंत घेतले, तर फक्त ४ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. साध्या इन्सुलिनच्या बाटलीवरून जलद इन्सुलिनच्या पेनवर जाताना घरात दोन्ही वस्तू काही दिवस बरोबर असतात; त्या काळात ही चूक होण्याची शक्यता सर्वाधिक असते. आम्ही पेन आले त्याच दिवशी जुन्या सिरिंज घरातून काढून टाकल्या. पेनमधील औषध सिरिंजने ओढायचेच नाही, हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

पेनची मात्रा खटक्यांनी मोजता येते, त्यामुळे दृष्टी कमी झालेल्यांना ते सोपे जाते. दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो हे पाहावे आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजूनच सुई बाहेर काढावी. त्याच त्या जागी टोचत राहिले तर तिथे चरबीची गाठ होते आणि औषध कधी कमी, कधी एकदम शोषले जाते. अशा वेळी प्रकार बदलूनही साखर आवरत नाही.

खर्चाच्या बाबतीत साधे इन्सुलिन निर्विवाद स्वस्त आहे. ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा असते, तर जलद इन्सुलिन युनिटमागे कितीतरी पट महाग पडते आणि पेनच्या सुयांचा खर्च वेगळा येतो. पैशांअभावी महिन्याच्या शेवटी मात्रा कमी करावी लागणार असेल, तर रोज पूर्ण मात्रेत घेतलेले साधे इन्सुलिन अर्धवट घेतलेल्या महागड्या औषधापेक्षा निश्चित चांगले. साठवण सर्वांची सारखीच आहे : न उघडलेले औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर, आणि वापरात असलेले साधारण चार आठवडे, उन्हापासून दूर थंड जागी ठेवावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, जिथे वीजही जाते, ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे भांडे उपयोगी पडते.

कोणताही प्रकार घेतला तरी साखर ७० च्या खाली गेल्यावर करायचे उपाय एकच. चहाचे तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि तरीही कमी असेल तर पुन्हा द्यावे. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. जेवणाबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर पचत नाही, म्हणून घरात ग्लुकोज पावडरच हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून १०८ वर फोन करावा. जेवणानंतर दोन तासांनी साखर जास्त दिसली म्हणून लगेच दुसरी मात्रा टोचणे धोक्याचे असते, कारण पहिली अजून काम करत असते; साध्या इन्सुलिनमध्ये तर तिचा मोठा भाग अजून शिल्लक असतो.

चतुर्थी-एकादशीला नुसते पाण्यावर राहणार असाल तर त्या वेळचे जेवणाचे इन्सुलिन घ्यायचे नसते, आणि साबुदाण्याची खिचडी खाणार असाल तर ती वरणभाताइतकीच किंवा त्याहून जास्त साखर वाढवते. दोन्हींपैकी नेमके काय करणार हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. टाइप १ मधुमेहात उपवास असला तरी दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन कधीच थांबवायचे नसते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका आठवड्याची साधी नोंद करून न्यावी. तिच्यात जेवण ठरलेल्या वेळी झाले की लांबले आणि किती मिनिटांनी, मधल्या वेळी काय खाल्ले, रात्री झोपण्यापूर्वीची साखर किती होती, आणि इन्सुलिन टोचणारी व्यक्ती कोण असणार, एवढे असावे. आमच्या नोंदीत दुपारचे जेवण सातांपैकी चार दिवस अर्ध्या तासाहून अधिक लांबलेले दिसले, आणि त्यावरूनच डॉक्टरांनी वडिलांना साध्यावरून जलद इन्सुलिनवर नेले. शेजारच्या काकूंचे जेवण मात्र रोज साडेबाराच्या ठोक्याला होते. त्यांना आजही लाल टोपणाच्या सिरिंजने साधे इन्सुलिन चालू आहे आणि त्यांची साखर आटोक्यात आहे.