50 टक्क्यांची मोनो शेडनेट, चार वर्षं आणि एक वादळ वापरून

दापोली तालुक्यात आमची छोटी नर्सरी आहे, आंबा-काजूची कलमं, सुपारी, थोडी नारळाची रोपं. ही नेट, म्हणजे रोपांवर बांधायची निम्मं ऊन अडवणारी जाळी, 2021 च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवली, 3 मीटर रुंद, 50 मीटरचा रोल. रिव्ह्यू आत्ता लिहितोय कारण नवी असताना सगळ्याच नेट छान दिसतात.

आधीची पट्टीवाली (चपट्या धाग्याची) होती, स्वस्तातली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा ती काढलीच नाही, काढणार कशी, वीतवीतभरावर तारेने पिळून बांधलेली. वादळ किनाऱ्याला लागलं तिकडे श्रीवर्धन-दिवेआगरला, पण दापोली-मंडणगडलाही सोडलं नाही. नेटमध्ये शिडासारखं वारं भरलं आणि पाइपांचा अख्खा सांगाडा उचलून कलमांवर आपटला. हापूसची दोन वर्षं जपलेली कलमं, सगळी जोडापाशीच मोडलेली, बाबा दोन दिवस तिकडे फिरकलेच नाहीत. वर लाइट तीन आठवडे गायब.

म्हणून यावेळी आधी बघितलं की उतरवायला किती सोपी. ही मोनो, म्हणजे गोल धाग्याची आहे, कापली तरी कड उसवत नाही, वारंही जरा आरपार जातं. कडेने नायलॉनची दोरी ओवून घेतली आणि पाइपाला सरकगाठी मारल्या, तार अजिबात नाही. महिन्याभरातच तौक्ते वादळ! 15 मे ला दुपारी बायको, मी आणि एक गडी, पाऊण तासात सगळी नेट खाली, गुंडाळून पडवीत. मग उंच कलमं पिशवीसकट आडवी करून एकमेकांना चिकटवून ठेवली, माडाखालची रोपं लांब नेली (झाप किंवा नारळ पडला तर संपलंच), टाकी काठोकाठ भरली म्हणजे उडायची नाही. आई आणि पोरं काकांच्या स्लॅबच्या घरात, सोबत आईच्या बीपीच्या गोळ्या, सातबारा न् बँकेची कागदं दुहेरी पिशवीत. आमचं घर कौलारू, तिथे रिस्क नको. 16 ला चांगलंच झोडपलं पण पाइप जागच्या जागी, कलमं मोजून नऊ गेली. नंतर पानांवरचा खारा थर धुवायला पाणी हवं तर पंप बंद, दोन दिवस विहिरीतून बादल्या ओढल्या. पुढच्या वर्षी जनरेटर घेतला तो वेगळा खर्च.

आता तक्रारी. 50 मीटरचा रोल मोजला तर साडेसत्तेचाळीस भरला. कस्टमर केअरला सांगितलं तर म्हणे टेप लावून पूर्ण रोलचा एका फ्रेममध्ये फोटो पाठवा, आता पन्नास मीटरचा फोटो काय ड्रोनने काढू?? चार फोन झाल्यावर तीनशे रुपये परत आले. सोबत फुकट दिलेल्या प्लॅस्टिक क्लिपा दुसऱ्या उन्हाळ्यात बिस्किटासारख्या तुटल्या. रंग उडालाय, सावली अजून ठीक.

आणि पाकिटावर लिहिलंय "वादळातही फाटणार नाही", ते वाचून नेट वर ठेवाल तर फसाल. नेट फाटली नाही की सांगाडा घेऊन जाते, आमचं बघितलंत ना. फोनवर हवामान खात्याचा इशारा आला की उतरवायची, शेजारी हसले तरी.

पाचपैकी साडेतीन. दुसरा रोल लागतोय, तो मात्र दापोलीत दुकानातून घेणार, समोर मोजून.