रेडबस: ॲपला पाच, गाडीला दोन

रेडबस या बस-तिकिटाच्या ॲपला आणि गाडीला असं वेगवेगळं रेटिंग एकाच जागी देता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

मी पुण्यात, घर अकोल्याला, त्यामुळे दिवाळीला ट्रॅव्हल्स ठरलेली, रेल्वेचं वेटिंग काही हलत नाही. रेडबसच्या आधीचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना आठवत असेल, एजंटच्या टपरीवर जायचं, तो कुठेतरी फोन लावणार, "शेठ दोन होतील का", पलीकडून उत्तर येईपर्यंत आपण उभे, मग पेनाने सीट नंबर खरडलेली पावती. पुढची खिडकी सांगितली तरी निघायची चाकावरचीच. आणि परतीचं तिकीट? ते तिकडे गेल्यावर बघा.

नेमकं हेच रेडबस काढणाऱ्या फणींद्र सामाला टोचलं होतं. बिट्स पिलानीचा इंजिनियर, बंगळुरूत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नोकरी, २००५ च्या दिवाळीत हैदराबादला जायचं होतं आणि एजंटमागून एजंट पालथे घातले तरी सीट नाही. आपण असतो तर शिव्या घालून रूमवर झोपलो असतो (मी झोपलोय, दोनदा). हा विचार करत बसला, की एजंटला तरी कुठे माहितीये कुठल्या गाडीत किती जागा आहेत, चार्ट ऑपरेटरकडे, म्हणजे एखाद्या गाडीत सीट रिकामी जात असेल आणि आपण इथे बोंबलतोय. सुधाकर पसुपुनुरी आणि चरण पद्मराजू हे कॉलेजचे मित्र सोबत घेतले आणि २००६ ला रेडबस. गंमत म्हणजे यांना आधी तिकिटं विकायचीच नव्हती, सॉफ्टवेअर बनवून ऑपरेटरांना द्यायचं होतं, पण त्यांनी काही भाव दिला नाही, मग म्हटले चला आम्हीच विकतो. मला तरी वाटतं धंदा तिथेच सुरू झाला. २०१३ ला आयबिबो या ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनीला विकली, पुढे फणींद्र तेलंगणा सरकारचा चीफ इनोव्हेशन ऑफिसर पण झाला.

आता ॲप. अख्ख्या गाडीचा नकाशा समोर, सिंगल स्लीपर कुठली, लोअर कुठली, लेडीज सीट कुठली सगळं दिसतं, बहिणीचं तिकीट काढताना तर फारच बरं पडतं. परतीचं तिकीट जातानाच काढून मोकळं व्हायचं.

गाडीचं मात्र विचारू नका. मागच्या दिवाळीला ज्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं (नाव नाही लिहीत) ती संगमवाडीला दीड तास उशिरा आली, चार्जिंग पॉइंट बंद, ब्लँकेटला वास, क्लीनरला बोललो तर म्हणे "ॲपवर टाका ना कंप्लेंट". भाडं नेहमीच्या दुप्पट, ते ऑपरेटरनेच लावलेलं. सणाला जादा गाड्या सोडतात, त्या कुठून आणतात देव जाणे, त्यामुळे वर्षभराच्या रेटिंगवर जाऊ नका, आधीच्या सणातले रिव्ह्यू शोधून वाचा.

गाडी कुठवर आली ते मॅपवर दिसतं, तरी आमचे बाबा अकोल्यातल्या त्यांच्या जुन्या एजंटला फोन करतातच. मी म्हटलं बाबा हे बघा, गाडी जालन्याच्या पुढे आलीये, तर म्हणतात, "ते ठीक आहे रे, पण त्याच्याकडे ड्रायव्हरचा नंबर आहे."