पैसे खरे होते, फोन करणारा खोटा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या मावशीला एका माणसाने जवळपास सातशे डॉलरना गंडवलं. तिला विचारूनच हे लिहितोय, कारण त्या फोनवर पैशांबद्दल सांगितलेली माहिती शब्दन्‌शब्द खरी होती.

काका जाऊन बराच काळ लोटला होता. फोनवरचा माणूस म्हणाला, "स्टेट कंट्रोलरच्या, म्हणजे राज्याचा हिशेब बघणाऱ्या ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या यजमानांच्या नावावर १,८४० डॉलर पडून आहेत." काकांचं पूर्ण नाव, सॅन होजेच्या जुन्या अपार्टमेंटचा पत्ता, पैसे कोणत्या कंपनीकडचे आहेत, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. इतका जुना पत्ता याच्याकडे आहे म्हणजे माणूस सरकारीच, असं मावशीला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

पण तो पत्ता मिळवायला काहीच करावं लागत नाही. वापरात नसलेली बँक खाती, न वटवलेले पगाराचे चेक, डिव्हिडंड, विजेच्या कंपनीकडे राहिलेलं डिपॉझिट, असे मालकाने हात न लावलेले पैसे अमेरिकेत कंपन्यांना ठरावीक मुदतीनंतर राज्य सरकारकडे जमा करावे लागतात. कॅलिफोर्नियात ही मुदत बहुतेक बाबतीत ३ वर्षांची. राज्य ते मालकासाठी सांभाळतं आणि त्याची यादी वेबसाइटवर सगळ्यांना खुली ठेवतं. नाव, जुना पत्ता, रक्कम, जमा करणारी कंपनी. मालकाला सापडावी म्हणून ठेवलेली ही यादी चोरही निवांत वाचतो.

मग राज्याची मुद्रा असलेला ईमेल आला, फॉर्म आला. मावशीने सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) आणि लायसन्सचा फोटो पाठवला. आधी 'प्रोसेसिंग फी' २४५ डॉलर, झेलवरून (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची सोय). मग म्हणे वारसा कर भरल्याशिवाय चेक निघत नाही, ४५० डॉलर. कॅलिफोर्नियात वारसा कर मुळात नाहीच! तेही गेले आणि त्यानंतर तो नंबर लागेना.

आमच्याकडे सगळे म्हणतात, सोशल सिक्युरिटी नंबर कोणाला देऊच नये. पण खऱ्या क्लेमच्या फॉर्मवरही तो मागतात, त्यामुळे खरं-खोटं ओळखायला तेवढं पुरत नाही. पैसे मागितले की ओळखावं. राज्याकडे शोधणं फुकट, क्लेम करणं फुकट. करायचं तर आपण स्वतः राज्याच्या साइटवर जाऊन करावं, आलेल्या लिंकवरून नाही. कॅलिफोर्नियाची साइट क्लेमइट डॉट सीए डॉट गव्ह. मिसिंगमनी डॉट कॉमवर बऱ्याच राज्यांच्या याद्या एकत्र सापडतात.

पैसे शोधून देणारे कायदेशीर एजंटही असतात. कॅलिफोर्नियात त्यांना १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पण जे काम आपण घरी बसून करू शकतो त्याला ते १० टक्के तरी का द्यायचे, हे मला कळलेलं नाही.

आपल्या लोकांनी शोधताना नावाची सगळी स्पेलिंगं टाकून बघावीत. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी मधलं नाव म्हणून लागलेलं असतं, कधी आडनावाच्या जागी. आणि ज्या ज्या राज्यात राहिलात, त्या प्रत्येक राज्यात बघा. पुण्याला परत गेलेल्यांनीसुद्धा.

तिच्या नावावर कोणी नवीन कर्ज काढू नये म्हणून मावशीचा क्रेडिट आम्ही एक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे फ्रीझ केला. त्याला पैसे लागत नाहीत. एफटीसी या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे तक्रार केली, ओळख चोरीला गेल्याची नोंद आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्ह या सरकारी साइटवर केली. झेलवरून गेलेले पैसे बँकेने परत दिले नाहीत. स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे परत मिळणं फार अवघड.

काकांचा खरा क्लेम नंतर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं जोडून भरला. निर्णयाला कायद्याने १८० दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून वाट बघतोय. मधल्या काळात मावशीला आणखी एक फोन आला. तिचे बुडालेले पैसे सोडवून देणारा कोणी 'अधिकारी' होता, आणि त्यालाही आधी फी हवी होती.