दसरा, काकडा की पाडवा? खान्देशात संकल्प कधी धरावा

पितृपक्ष सरत आला की आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसं दिसायला लागतात. एक घट बसायच्या दिवसापासून पहाटे पाचचा गजर लावणारी. दुसरी, "दिवाई व्हई जाऊ दे, मंग दखू" म्हणणारी. या दुसऱ्यांना आळशी ठरवायची पद्धत आहे, पण ज्याच्या शेतात कपाशी फुटलीय त्याचं म्हणणं बरेचदा हिशेबाचं असतं. दसरा, कोजागिरीचा काकडा, दिवाळीचा पाडवा, मुहूर्त तिन्ही चांगले. सुरू काय करायचंय, त्यावर कुठला धरायचा ते ठरतं.

घट ते दसरा

इथे उत्साह आयता मिळतो. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की आठवडा, महिना किंवा वर्ष नव्याने सुरू झालं की लोकांची जिमकडे जाणारी पावलं वाढतात. आपल्याकडे तर नऊ दिवस निम्मं गाव उपाशी, कित्येक जण अनवाणी, काही सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेले. अशा हवेत नियम धरणं सोपंच. अडचण अशी की तो नियम देवीचा असतो, आणि उपवास सुटला की त्याच्यासोबत आपलाही सुटतो.

शिवाय ऑक्टोबर हीट. नऊ वाजेस्तोवर उन्हाचा चटका बसायला लागतो. त्यात वेचणी. दंव सुकलं की बाया ओटी बांधून सरीत उतरतात, दिवसभर वाकून बोंडं रिकामी करतात आणि संध्याकाळी काट्यावर वजन होऊन किलोप्रमाणे मजुरी ठरते. तिला दहा हजार पावलांचा संकल्प कोणी सांगू नये. शेतमालकाचीही सकाळ मजुरांची गाडी आणण्यात जाते. म्हणून दसऱ्याला व्यायाम नको. अभ्यास धरायचा असेल, स्पर्धा परीक्षेचं एखादं पुस्तक संपवायचं असेल, तर मात्र हाच मुहूर्त. रात्रीचा तास मोकळा सापडतो आणि दिवाळीआधी गाडी रुळावर येते.

कोजागिरीचा काकडा

लवकर उठायचं असेल तर मी डोळे झाकून हाच पर्याय सांगेन. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या मंदिरांत काकडा चालतो. भोंगा उठवतो, गजर लावायची गरज नाही. टाळ हातात आला की झोप उडते. एक दिवस दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी पारावर चार जण विचारतात, "काल दिसले नाहीत बुवा?" एवढी चौकशी कुठलं ॲप करणार? आणि दिवाळी मध्येच येते तरी काकडा थांबत नाही. दसऱ्याचे बहुतेक संकल्प नेमके तिथेच तुटतात.

पण महिना पुरत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरले, कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणून त्रिपुरीनंतरचा महिना आधीच ठरवून ठेवा. आरती झाली की मंदिरातूनच फिरायला निघायचं, ही जोडी तेवढ्या दिवसांत जमली तर भोंगा बंद झाल्यावरही टिकते. भुसावळात रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीत काम करणाऱ्यांना मात्र याचा उपयोग नाही. रात्रपाळी करून आलेल्याने काकडा गाठायचा हट्ट धरू नये.

पाडवा

पैशाचा संकल्प असेल तर पाडवाच. व्यापाऱ्याचं नवं वर्ष, नवी वही त्या दिवशी सुरू होते, आणि घरचा दिवाळीचा खर्चही तोवर होऊन गेलेला असतो. दसऱ्याला बचत सुरू करून धनत्रयोदशीला मोडण्यात काय अर्थ? कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच आलेल्या व्यापाऱ्याला, दिला असेल तर हातात रोकड असते. ती कुठे जायची, हे त्याच दिवशी वहीत उतरवावं.

व्यायामही इथूनच बरा. पहाट गार होते. पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरसाठी अंधारात रस्त्याने पळत असतात, सोबतही मिळते. वजन उतरवायचं असेल तर एक धोका सांगतो: याच सुमाराला भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. भाजलेलं वांगं बिचारं निर्दोष आहे. वरचं तेल आणि सोबतच्या पुऱ्या घात करतात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी घ्या.

एक जानेवारीबद्दल फार लिहीत नाही. गहू-हरभऱ्याला रात्रीच्या लाईटीवर पाणी भरणाऱ्याने पहाटे उठायचा संकल्प करणं म्हणजे स्वतःची थट्टा.

अजूनही ठरत नसेल तर एकच काम निवडा आणि वहीत एका ओळीत लिहा: कशानंतर, कुठे, किती वेळ. लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नव्हती, तेव्हा एका खाड्याची भीती नको. पण भाऊबीजेला चार दिवस पाहुणे म्हणून गेल्यावर त्या ओळीचं काय करायचं, ते आत्ताच तिच्याखाली लिहून ठेवा.