खलनायिका फक्त नावाला: कोणतं ॲनिमे बघावं, कोणतं सोडावं

'खलनायिका' नायिका असलेल्या ॲनिमेंबद्दल (जपानी ॲनिमेशन मालिका) एक तक्रार जुनी आहे आणि बरीचशी खरीही. एक मुलगी मरते आणि आपण खेळलेल्या ओटोमे गेममध्ये (नायिकेने चार-पाच देखण्या तरुणांपैकी एकाचं मन जिंकायचं, तसला गेम) दुष्ट सरदारकन्या म्हणून जन्माला येते. पहिल्याच भागात ती इतकी गुणी निघते की दुष्टपणा औषधालाही उरत नाही. बाकीची पात्रं तिची आरती ओवाळायला असतात. संकट कोणतं, कधी येणार आणि कसं टाळायचं, सगळं तिला तोंडपाठ. पेपर आधीच फुटला असेल तर परीक्षेत चुरस कसली?

तरीही या गर्दीतल्या सगळ्याच मालिका एका मापाच्या नाहीत. बारा भागांची एकच मालिका बघायला वेळ असेल, तर माझ्या कसोट्या दोन. पुढचं ठाऊक असूनही नायिकेला कुठे ठेच लागते का? आणि 'खलनायिका' ही पाटी तिच्या स्वभावाला खरंच शोभते का?

सुरुवात बहुतेक जण 'माय नेक्स्ट लाइफ ॲज अ व्हिलेनेस'पासून करतात. चाहत्यांमध्ये ती 'हामेफुरा'. एप्रिल 2020 मध्ये ही मालिका आली आणि या प्रकाराची ॲनिमेत लाट सुरू झाली ती इथूनच. आठ वर्षांच्या कातारिनाचं डोकं आपटतं आणि तिला मागचा जन्म आठवतो. गेममध्ये तिच्या वाट्याला येतं ते एक तर हद्दपारी, नाही तर मरण. मग ही बाई हद्दपार झाल्यावर पोट भरायला हवं म्हणून वाड्याच्या आवारात भाजी लावते, आणि तिचा वाग्दत्त राजपुत्र सापाला घाबरतो हे कळल्यावर खेळण्यातले साप बनवायला घेते. दत्तक भाऊ कीथ स्वतःला खोलीत कोंडून घेतो, तेव्हा ती समजूत काढत बसत नाही, सरळ कुऱ्हाडीने दार फोडते. इथवर मजा आहे, आणि कातारिना माणूस म्हणून डोळ्यांसमोर उभीही राहते.

गोम पुढे आहे. तिसऱ्या भागापर्यंत सगळे धोके निकालात निघालेले असतात. कीथचा एकटेपणा, मैत्रीण मेरीचा न्यूनगंड, दुसरी मैत्रीण सोफियाला ऐकावे लागणारे टोमणे, प्रत्येक दुखण्यावर कातारिनाचं एक वाक्य आणि रुग्ण बरा. त्यानंतर या मंडळींना एकच काम उरतं: तिच्यावर प्रेम करायचं आणि दुसऱ्याला तिच्या जवळ फिरकू द्यायचं नाही. तिला यातलं काही कळत नाही, हा विनोद पाचव्यांदा होतो, दहाव्यांदा होतो. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे मात्र एक भाग खरोखर चांगला आहे. त्यात कातारिना मागच्या जन्माच्या स्वप्नात अडकते आणि तिथली जुनी मैत्रीण तिला भेटते. पहिल्यांदाच तिने काहीतरी गमावलंय असं वाटतं.

दुसरा सीझन (2021) का फसला, याचं कारण पटकथेच्या आधीचं आहे. मूळ कथा 'शोसेत्सुका नि नारो' या जपानी संकेतस्थळावर कुणीही आपली कादंबरी क्रमशः टाकावी तशी टाकलेली होती, आणि पहिला सीझन संपतो तिथेच ती संपली होती. पुस्तकं खपली म्हणून ती पुढे वाढवली. शेवट झालेल्या गोष्टीला नवं संकट कुठून आणणार? मग अपहरण, सुटका, पुन्हा अपहरण. तेव्हा बघायचीच तर पहिला सीझन बघा आणि तिथेच थांबा.

'व्हिलेनेस लेव्हल 99' (जानेवारी 2024) मध्ये तर नायिका युमिएला शाळेत पाऊल ठेवण्याआधीच शक्तीच्या शेवटच्या पायरीवर पोचलेली असते. तिला कुणी हरवू शकत नाही, म्हणजे लढाईतला जीव गेलाच. चारचौघांत कसं वागावं हे तिला उमगत नाही, ते दोन-तीन भाग गोड वाटतं. शाळेतला सोबती पॅट्रिक याच्यासोबतचे प्रसंग बरे आहेत. एवढंच. ही सोडली तरी चालेल.

आता 'टिअरमून एम्पायर', ऑक्टोबर 2023 ची. इथे गेमही नाही आणि परजन्मही नाही. राजकन्या मिया क्रांतीनंतर गिलोटिनखाली जाते आणि बारा वर्षांची होऊन स्वतःच्याच बिछान्यात जागी होते, उशाशी तिचीच रक्ताने माखलेली डायरी. नियमावर बोट ठेवणारे म्हणतील ही या वर्गात बसत नाही. बसत नाही म्हणूनच ती बरी आहे. दुष्ट होती ती मियाच, दुसरी कुणी नव्हे. अंगात नवा, स्वच्छ आत्मा शिरलेला नाही. ती आजही आळशी, भित्री, स्वार्थी आहे, फक्त मान वाचवायची घाई झालीय. गरीब वस्तीत दवाखाना काढते तो रोगाची साथ पसरून पुढे क्रांती होऊ नये म्हणून. लोकांना तिच्यात महाज्ञानी दिसते, आणि निवेदक मागून तिच्या मनातला खरा हिशेब प्रेक्षकांना सांगून टाकतो.

पात्ररचना कशी करावी याचा छोटा धडा हवा असेल तर लुडविग हा अधिकारी बघा. मागच्या वेळी साम्राज्याच्या तिजोरीवरून त्याने मियाला जे खडसावलं होतं, तेच ती या वेळी त्याला आधी ऐकवते. तो थक्क होतो, कारण ते त्याच्याच डोक्यातलं आहे! हशा तर पिकतोच, शिवाय लुडविग कसा विचार करतो आणि तेव्हा मियाने त्याचं किती कमी ऐकलं होतं, हेही कळतं. दासी ॲनचंही तेच. पहिल्या वेळी तुरुंगात शेवटपर्यंत मियाची काळजी घेतली ती तिनेच, म्हणून आता मिया तिला जवळ ठेवते तेव्हा त्या नात्यामागे कारण असतं. वर डायरीतला मजकूर बदलत राहतो, त्यामुळे फुटलेला पेपरही ऐन वेळी बदलतो. एक खोट आहे: राजपुत्र सियोन आणि एबेल यांपैकी एबेलला थोडंफार मन आहे, सियोन मात्र फारच नीटनेटका.

घरच्यांसोबत बसून बघायचं असेल तर जानेवारी 2025 ची 'फ्रॉम ब्युरोक्रॅट टू व्हिलेनेस'. केन्झाबुरो 52 वर्षांचे सरकारी अधिकारी, एका मुलाला ट्रकपासून वाचवताना अपघात होतो आणि ते थेट एका ओटोमे गेममधली दुष्ट सरदारकन्या ग्रेस होतात. गेमच्या नायिकेला घालूनपाडून बोलायचं ठरवून तोंड उघडतात आणि बाहेर पडतं ते तिच्या आईवडिलांनी किती छान वळण लावलंय याचं कौतुक. कथानक इथेही पातळच. पण केन्झाबुरो चांगले का आहेत याला उत्तर आहे: आयुष्यभर नोकरी आणि संसार केलेल्या बापाच्या सवयी आहेत त्या. इकडे बायको-मुलगी टीव्हीवर तोच गेम खेळत त्यांना बघत असतात, आणि त्या जोडीमुळे गोष्टीला दुसरी बाजू मिळते. मियाइतकी धार नाही, पण कंटाळा येत नाही.

'आय ॲम इन लव्ह विथ द व्हिलेनेस' (ऑक्टोबर 2023) बद्दल मी जरा अडते. इथे पुनर्जन्म झालेली रे ही गेमची नायिका आहे आणि तिचा जीव जडलाय तो खलनायिका क्लेअरवर. क्लेअर या सगळ्या जमावातली सगळ्यांत जिवंत 'दुष्ट' मुलगी: गर्व खरा, राग खरा, बदलते तीही कुरकुरत. दोन मुलींमधल्या प्रेमाबद्दल मालिका आडपडदा न ठेवता बोलते. पण रेचा पिच्छा पुरवणं सुरुवातीला डोक्यात जातं, आणि राजघराणं विरुद्ध सामान्य जनता हा कथेचा कणा नुसता दिसतो न दिसतो तोच बारा भाग संपतात. क्रांती ॲनिमेत येतच नाही. ती हवी असेल तर कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद मिळतात, ते घ्या.

म्हणजे एकच निवडायची तर 'टिअरमून'. ती आधीच बघून झाली असेल तर जानेवारी 2024 ची 'सेव्हन्थ टाइम लूप' लावा. दर वेळी मरून पुन्हा मागच्याच क्षणी परतणाऱ्या रिशेने सहा आयुष्यांत व्यापार, औषधं, तलवार असं एकेक काम शिकलेलं आहे. सहाव्या आयुष्यात ज्या राजपुत्राने तिच्या छातीत तलवार खुपसली, त्याच्याशीच ती सातव्या आयुष्यात लग्न ठरवते. याच्या मनात काय चाललंय हे तिला माहीत नसतं, आणि प्रेक्षकांनाही.