साडेचार हजार वसूल झाले ते दुसऱ्या बैठकीत: कोल्हापुरातल्या एका करिअर समुपदेशन केंद्राचा अनुभव

लेक बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीपासून घरात एकच विषय, पुढं काय. मी म्हणायचो बी.एड. कर, तिची आई म्हणायची बँकेच्या परीक्षा दे, आणि ती ताट उचलून आतल्या खोलीत जायची. शेवटी मेहुण्यांच्या सांगण्यावरून तिघंही एका समुपदेशन केंद्रात गेलो. केंद्राचं नाव घेत नाही. अशा ठिकाणी जाताना काय बघावं, तेवढं सांगतो.

फी साडेचार हजार. पहिल्या दिवशी दोन तासांची कॉम्प्युटरवरची चाचणी, पूर्ण इंग्रजीत. लेकीला केमिस्ट्रीचं इंग्रजी येतं, पण स्वभावाबद्दलचे आडवळणी प्रश्न तिनं अंदाजानंच टिकमार्क केले. मराठीचा पर्याय नव्हता. आठवड्यानं ३८ पानांचा रंगीत अहवाल आला. संशोधन, शिक्षण, प्रशासन, आरोग्यसेवा, चारही क्षेत्रं तिला योग्य! तो वाचून आम्हाला काहीच ठरवता आलं नाही.

दुसरी बैठक मात्र वेगळीच झाली. समुपदेशक मॅडमनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि पाऊण तास एकट्या लेकीशी बोलल्या. मग आत बोलावून माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "तिच्या शिक्षणाला अजून किती वर्षं आणि वर्षाला किती पैसे देऊ शकता, ते दोघांनी मिळून लिहा. तिच्यासमोरच."

पगार किती, हप्ता किती, हे मी लेकीसमोर कधी बोललो नव्हतो. घराचं कर्ज चालू आहे, त्यामुळं हात जरा अडखळला. दोन वर्षं, वर्षाला ऐंशी हजार, असं लिहिलं. लेकीनं वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, मला वाटायचं काहीच जमणार नाही. म्हणून मी एमएस्सीचं नावच काढत नव्हते." तिची आई रडायलाच लागली.

पुढची माहिती मॅडमनी नेटकी दिली. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम परीक्षा, ती फेब्रुवारीत होते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. गेट ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची दुसरी परीक्षाही तिसऱ्या वर्षापासून देता येते, आणि तिचा गुणांक तीन वर्षं चालतो. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या मॉडेल योजनेत चार लाखांपर्यंत तारणही नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, हे मला माहीतच नव्हतं.

निघताना त्यांनी मलाच अभ्यास दिला. "ओळखीत केमिस्ट्रीवर पोट भरणारं कोण आहे? तिला तिथं न्या, आणि तुम्ही मध्ये बोलू नका." मी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत २२ वर्षं आहे. आमच्या लॅबमधली पोरं बीएस्सी केमिस्ट्रीच आहेत, हे डोक्यातच आलं नव्हतं! साहेबांची परवानगी काढून तिला एका शनिवारी घेऊन गेलो. भट्टीतून नमुना घेतला, रुपयाच्या जुन्या नाण्याएवढी चकती झाली, घासून स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर ठेवली, चर्रकन ठिणगी पडली आणि पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे आले. केमिस्टनं लगेच भट्टीवर फोन लावला, सिलिकॉन कमी आहे, फेरोसिलिकॉन टाका. लेक त्याला तासभर प्रश्न विचारत होती, शिफ्ट, पगार, बढती, मुली या कामात आहेत का. मी दारात उभा होतो. मधे दोनदा तोंड उघडणार होतो, आवरलं.

आता तिनं एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीचा, १२ आठवड्यांचा एक कोर्स स्वतःहून निवडलाय. शिकणं फुकट आहे, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. आम्ही दोघं दर रविवारी एवढंच विचारतो, या आठवड्याचं असाइनमेंट दिलंस का.

तक्रार एक अजून आहे. बैठक संपल्यावर काउंटरवरच्या माणसानं परदेशी शिक्षणाचं ३५ हजारांचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केला, नंतर आठ दिवस फोन येत राहिले. ज्या घराकडून पैशांचा तो कागद आत्ताच आत लिहून घेतला, त्याच घराला हे विचारणं मला पटलं नाही. मॅडमनी स्वतः त्याचा शब्दही काढला नव्हता.

पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा, समुपदेशक मुलाशी एकट्यानं किती वेळ बोलतात आणि पालकांना वेगळं बसवतात का. चाचणी वगळून नुसती बैठक मिळत असेल तर तीच घ्या.