आर्मी अ‍ॅक्टचे पुस्तक घेताना: बर्डीवर मिळणाऱ्या दोन आवृत्त्यांची पारख

नागपूरच्या सीताबर्डीत किंवा सिव्हिल लाइन्समध्ये कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात आर्मी अ‍ॅक्ट मागितला की दुकानदार साधारण दोन पुस्तके काढतो. एक पातळ बेअर अ‍ॅक्ट, ज्यात १९५० चा सेना कायदा आणि शेवटी थोडी परिशिष्टे असतात. दुसरे पुठ्ठाबांधणीचे जाड पुस्तक. त्यात कायद्यासोबत १९५४ चे सेना नियम, २००७ चा सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा आणि कलमाखाली निकालांच्या टिपा असतात. दोन्हींची भाषा इंग्रजी. पातळ पुस्तक दीडदोनशेत येते, जाड सात-आठशेच्या घरात जाते. गिऱ्हाईक बहुधा पातळ उचलते आणि तिथेच फसते.

नागपुरात या पुस्तकाला गिऱ्हाईक कमी नाही. कामठीला गार्ड्स रेजिमेंटल सेंटर आहे. लष्कराच्या जॅग (जज अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे कायदा) शाखेचे अधिकारी ज्या संस्थेत घडतात ती इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉही तिथेच. त्याशिवाय खंडपीठातले वकील, एलएलबीची मुले, विदर्भातल्या गावागावांतून भरती झालेल्या जवानांचे वडील आणि भाऊ. घरचा पोरगा चौकशीत अडकला असे कळले की हीच मंडळी बर्डी गाठतात.

पुस्तक चांगले की वाईट हे ठरवायला एक खरी घटना घेऊन ते चाळावे. १२ एप्रिल २०२३ च्या पहाटे भटिंडा लष्करी तळावर ८० मीडियम रेजिमेंटचे चार जवान बराकीत झोपेत असताना गोळ्या घालून मारले गेले. त्याच्या दोनेक दिवस आधी युनिटमधून एक इन्सास रायफल आणि २८ काडतुसे गायब झाली होती. ज्या जवानाने सुरुवातीला साक्षीदार म्हणून तोंड झाकलेल्या दोन माणसांची हकीकत सांगितली, त्यालाच पोलिसांनी १७ एप्रिलला अटक केली. आता पुस्तकाला विचारा: खटला कोण चालवणार, कोठडीचे काय, साक्षीदार आरोपी कधी होतो, आणि रायफल गेली त्याचा जाब कोणाला?

पहिल्या प्रश्नाला दोन्ही पुस्तके उत्तर देतात. कलम ६९ प्रमाणे खुनासारखा नागरी गुन्हाही कोर्ट मार्शलपुढे चालतो. कलम ७० अपवाद सांगते: मारला गेलेला माणूस लष्करी कायद्याखालचा नसेल, तर खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार हे गुन्हे कोर्ट मार्शलकडे जात नाहीत. आरोपी प्रत्यक्ष मोहिमेवर, भारताबाहेर किंवा अधिसूचित सीमाचौकीवर असेल तर मात्र जातात. भटिंड्यात मेलेले चौघेही जवान होते, म्हणून कलम ७० ची अडचण नव्हती. मग येते कलम १२५: फौजदारी कोर्ट की कोर्ट मार्शल, हे आर्मी, कोअर, डिव्हिजन किंवा स्वतंत्र ब्रिगेडच्या कमांडरने ठरवायचे. फौजदारी कोर्टाला ते मान्य नसेल तर कलम १२६ खाली ते आरोपीचा ताबा मागू शकते किंवा केंद्र सरकारचा निर्णय होईपर्यंत कारवाई थांबवायला सांगू शकते.

इथवर पातळ पुस्तक पुरते. पण कलम १२५ कोर्टात टिकले कसे, हे त्यात नाही. ते राम सरूप खटल्यात टिकले. शकूरबस्तीच्या ऑर्डनन्स डेपोवर डीएससीच्या (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे लष्करी आस्थापनांवर पहारा देणारे दल) प्लाटूनमधल्या शिपायाने जून १९६२ मध्ये दोन शिपाई आणि एक हवालदार गोळ्या घालून मारले. जनरल कोर्ट मार्शलने फाशीची शिक्षा दिली आणि डिसेंबर १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम १२५ राज्यघटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) विरुद्ध नाही असे सांगितले. आपल्याच माणसाने आपल्यांवर गोळी झाडल्याचा हा भारतातला मूळ निकाल म्हणावा असा. जाड पुस्तकाने तो बरोबर १२५ च्या खाली दिला आहे, याबद्दल संपादकाला पूर्ण गुण.

दुसरा प्रश्न कोठडीचा. कलम १०२ म्हणते, अटकेतल्या माणसावरचा आरोप ४८ तासांत तपासायला घ्या, नाही तर वर कारण कळवा. पण हे तास मोजताना रविवार आणि सरकारी सुट्या वगळायच्या असतात. घरच्यांचा हिशोब इथेच चुकतो. दिवाळीत अटक झालेल्या माणसाचे ४८ तास घड्याळातले ४८ तास नसतात. पुढे कलम १०३ प्रमाणे कोर्ट मार्शल बसेपर्यंत दर ८ दिवसांनी कोठडी का हवी याचा विशेष अहवाल पाठवावा लागतो. दोन महिन्यांपलीकडे काय, हे मात्र कायद्यात नाही. ते नियम २७ मध्ये आहे. म्हणजे पातळ पुस्तकात नाही.

तिसरा प्रश्न या पुस्तकाची खरी परीक्षा. तळावर काही घडले की पहिली बसते ती कोर्ट ऑफ इन्क्वायरी. तिथे बोलावलेला जवान साक्षीदार असतो, आरोपी नव्हे. पण चौकशीचा रोख एखाद्याच्या चारित्र्याकडे किंवा लष्करी प्रतिष्ठेकडे वळला, की नियम १८० लागू होतो. त्या क्षणापासून त्याला चौकशीत पूर्ण वेळ हजर राहण्याची, निवेदन देण्याची, साक्षीदारांना उलटतपासण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची पूर्ण संधी द्यावीच लागते. चुका होतात त्या इथेच. पहिल्या आठ साक्षी त्याच्या पाठीमागे नोंदवल्या जातात, नंतर त्याला आत बोलावून ‘नियम १८० लागू केला’ असे एक वाक्य लिहिले जाते आणि आधीच्या साक्षी नुसत्या वाचून दाखवल्या जातात. वकील हातात घेतो तो हाच धागा.

नियम १८२ म्हणतो की इन्क्वायरीतला कबुलीजबाब किंवा निवेदन खटल्यात त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इन्क्वायरीत जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याचा खटला असेल तेवढा अपवाद. म्हणून सगळे पुन्हा करावे लागते: नियम २२ खाली सीओने (कमांडिंग ऑफिसर) आरोपीसमोर आरोप ऐकणे, नियम २३ खाली समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे साक्षींची लेखी नोंद, तीही आरोपीच्या हजेरीत आणि त्याला उलटतपासाची मुभा देऊन. हा टप्पा घाईत उरकला की पुढे सगळा खटला लंगडतो. खून शाबीत असला तरी.

आता हे सगळे पातळ पुस्तकात शोधा. एक ओळ सापडणार नाही, कारण तो कायदा आहे आणि ही सगळी कवाडे नियमांत आहेत.

जाड पुस्तकातही नियम १८४ तपासून घ्या. इन्क्वायरीतल्या साक्षींच्या प्रती कोणाला मिळतात, ते हा नियम सांगतो आणि तो १९९३ मध्ये बदलला आहे. आता कोर्ट मार्शल होणाऱ्याला खटल्याशी संबंधित साक्षी आणि कागद मिळण्याचा हक्क आहे, आणि ज्याच्या प्रतिष्ठेवर बालंट आले त्यालाही, लष्करप्रमुखांनी लेखी कारण देऊन नाकारले नाही तर. जुन्या नियमावरून छापलेली प्रत हातात आली तर ती तशीच परत ठेवा.

चौथा प्रश्न रायफलीचा. युनिटचे शस्त्रागार म्हणजे कोत. कोत एनसीओकडे (हवालदार-नाईक दर्जाचा) किल्ली आणि रजिस्टर, बाहेर गार्ड, वर ड्यूटी जेसीओ (सुभेदार दर्जाचा). रजिस्टरच्या एका ओळीत तारीख, रायफलीचा बट नंबर, बॉडी नंबर, मॅगझिन, काडतुसे, बाहेर गेल्याची वेळ, सही, आणि परत आल्याची वेळ, सही. गडबड होते ती शेवटच्या दोन रकान्यांत. पहाटे गार्ड बदलताना हत्यार एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, कोतात परत येतच नाही, आणि सकाळी सगळ्या सह्या एका बैठकीत, एकाच पेनाने होतात. मग रायफल नेमकी कोणाच्या पाळीत गेली, हे कागदावरून सांगता येत नाही. दुसरी चूक बट नंबरावर मोजणी करण्याची. बट नंबर युनिटने रंगवलेला असतो. खरी ओळख बॉडी नंबर, आणि संध्याकाळच्या मोजणीत तो कोणी वाचत नाही. काडतुसांचे तेच: पेटी उघडून मोजण्याऐवजी सील शाबूत आहे एवढे पाहून पुढे जातात.

कायद्यात या हयगयीला तीन दारे आहेत. मुद्दाम गायब केली किंवा त्यात हात असला तर कलम ५४(अ), १० वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने हरवली तर ५४(ब), ५ वर्षांपर्यंत. नोंद न ठेवणे, मोजणी न करणे यासाठी कलम ६३, शिस्तभंग, ७ वर्षांपर्यंत. नेणाऱ्यावर सरकारी मालाच्या चोरीचे कलम ५२ वेगळे. संत्री झोपला किंवा पहारा सोडून गेला तर कलम ३६: मोहिमेवर १४ वर्षे, एरवी ७. जाड पुस्तकाच्या टिपा इथे अगदीच रोडावल्या आहेत. कलम ६९ खाली पाने भरून निकाल, ५४ खाली मोजके. तळावरच्या सुरक्षेचा रोजचा प्रश्न ५४ चा असतो, ६९ चा नव्हे, हे संपादकाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. आणि कोताची दुहेरी कुलूपपद्धत, किल्लीची अदलाबदल, रात्रीची तपासणी हे या पुस्तकात शोधू नका. ते स्थायी आदेशांत असते आणि ते दुकानात मिळत नाही, मिळूही नये.

कोर्टाची रचना दोन्हीकडे नीट छापली आहे. जनरल कोर्ट मार्शलला किमान ५ अधिकारी, प्रत्येकाचे कमिशन किमान ३ वर्षांचे, त्यातले किमान ४ कॅप्टन किंवा वरचे, आणि कोर्टाला कायदा सांगणारा जज अ‍ॅडव्होकेट हवाच. फाशीसाठी दोन तृतीयांश सदस्यांची सहमती. समरी जनरल कोर्ट मार्शल असेल तर सर्वांची. बातम्या वाचून अमेरिकेतल्या फोर्ट हूड लष्करी तळावरच्या गोळीबाराशी तुलना करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. तिथे ५ नोव्हेंबर २००९ ला एका मेजरने १३ जणांना मारले, १३ अधिकाऱ्यांच्या पॅनलने ऑगस्ट २०१३ मध्ये फाशी सुनावली, आणि अमेरिकेत त्यासाठी एकमत लागते. आपल्याकडे मात्र कोर्टाने काहीही ठरवले तरी कलम १५३ खाली वरून कन्फर्म झाल्याशिवाय तो निकालच नव्हे. निकाल वाचला गेला की खटला संपला, असे समजून रडारड करणाऱ्या घरच्यांना हे कलम आधी दाखवावे.

काउंटरवर पैसे देण्याआधी चार पाने उघडा. कलम १२७ ‘वगळले’ असे छापले आहे का? ते १९९२ च्या दुरुस्तीने गेले. तिथे मजकूर असेल तर पुस्तक तीस वर्षे शिळे. कलम १६९अ आहे का? कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करण्याची तरतूद त्यात आहे आणि तीही १९९२ ची. कलम १३३ खाली तळटीप पाहा: १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स अ‍ॅक्टची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. टिपांमध्ये खुनाला अजून भारतीय दंड संहितेचे ३०२ च लिहिले असेल तर नव्या गुन्ह्यासाठी भारतीय न्याय संहितेचे १०३ वाचायचे, आणि आरोपी सीओच्या ताब्यात देण्याच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४७५ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचे ५२१. जाड पुस्तकात हे बदल सुट्या दुरुस्तीपत्रकावर आहेत, मूळ मजकुरात नाहीत.

छपाई ठीक. बांधणी मात्र नियमांच्या भागाशी सुटते, म्हणजे जिथे पुस्तक सर्वांत जास्त उघडले जाते तिथेच. विषयसूची कमकुवत: ‘शस्त्रे’ पाहिले तर ५४ मिळते, ‘हरवणे’ पाहिले तर काही नाही, आणि नियम १८० सूचीत फक्त ‘चारित्र्य’ या नोंदीखाली आहे.

हे पुस्तक कोणाकोणाच्या कामाचे नाही, तेही सांगायला हवे. वायुसेना नगरातल्या माणसाला ते उपयोगी नाही. त्याला १९५० चाच पण वेगळा वायुसेना कायदा लागतो. मजकूर इतका जुळता आहे की गफलत हमखास होते, पण तिथे नागरी गुन्ह्याचे कलम ७१, अपवादाचे ७२ आणि कोर्ट निवडण्याचे १२४. चुकीच्या आकड्याने अर्ज गेला की तो परत येतो. अंबाझरीसारख्या आयुध निर्माणीतल्या कामगाराला सेना कायदा एरवी लागू नाही, पण अशा ठिकाणी पहाऱ्यावर असणाऱ्या डीएससीच्या जवानाला तो पूर्ण लागू आहे. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला सीताबर्डी किल्ला पाहायला गेलेल्याने फाटकावर संत्र्याशी झटापट केली, तर तो मामला पोलिसांचा, कोर्ट मार्शलचा नव्हे.

शिक्षेनंतरचा भाग जाड पुस्तकात उत्तम आहे. कलम १६४ ची पिटिशन, मग न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५ खाली ९० दिवसांत अपील. महाराष्ट्रासाठी ते मुंबईच्या पीठाकडे जाते. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात रिट चालते, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास खटल्यात स्पष्ट केले. हा निकाल ज्या आवृत्तीत नाही तिच्यात ‘हायकोर्टात जाता येत नाही’ अशी टीप असू शकते. नागपूर खंडपीठात काम करणाऱ्याने ती खोडूनच पुस्तक कपाटात ठेवावे.

वकील असाल तर जाड घ्या आणि नियमांचा भाग वेगळा बांधून घ्या. घरच्यांना एवढा खर्च नको असेल तर पातळही घेऊ नका. जाड पुस्तकातले कलम १०१ ते १०३ आणि नियम २२, २३, १८० ते १८४ एवढी पाने ओळखीच्या वकिलाकडून झेरॉक्स करून घ्या. दुरुस्तीपत्रक मागितल्याशिवाय दुकानदार देत नाही, तेव्हा बिल करण्याआधीच मागून घ्या.